भूषणची अठ्ठेचाळीस मिनिटं

"भूषण, ते तोंड आधी उतरव तिथून," उगमबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी नाकाला लावलं होतं, जसा काही त्या चित्राला वास येत होता.

गाळ्याच्या दारावर, बरोबर त्यांच्या जिन्यासमोर, हातभर लांबीचं चित्र डकवलं होतं. कवटी. तीही धड कवटी नव्हे. अर्ध्या तोंडावर कातडं शिल्लक होतं, आणि ती हसत होती.

"काकी, पोस्टर हाय ते. बँडचं," भूषण काउंटरमागून उठत म्हणाला.

"बँडचं? लग्नातल्या?"

"न्हाई वो. विलायतेतल्या. हेवी मेटल म्हणत्यात त्याला."

"जे काय म्हणत असतील ते म्हणू देत. सकाळी देवाचं नाव घेऊन खाली उतरावं, तर समोर हे मढं. शिसारी येते रे मला."

भूषणनं मुकाट्यानं चित्र काढलं आणि आतल्या भिंतीवर, दारातून दिसणार नाही असं, लावलं. शेजारच्या ऑम्लेटच्या गाडीवरचा बहिरू खो खो हसला. "भूषणभाऊ, तुज्या त्या भुतापरीस माझी अंडी बरी, राव!" अंडी हा शब्द कानावर पडताच उगमबाईंनी पदर आणखी घट्ट धरला आणि त्या वर निघून गेल्या.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आळेफाट्यावर, नाशिकच्या रस्त्याला लागून, खेमचंद शेठजींची दुमजली इमारत होती. वर शेठजींचं आणि उगमबाईंचं घर, खाली दोन गाळे. एकात शेठजींचं किराणा दुकान, दुसऱ्यात बुद्धभूषण, म्हणजे हा भूषण. हा पिंपळवंडीच्या पोपटरावांचा मुलगा. पोपटरावांनी शाळेत घंटा देण्यात हयात घालवली आणि मुलाला बारावी केलं. मुलानं पुढे नोकरीचा नाद सोडून कॅसेटी भरून द्यायचं दुकान टाकलं. शेठजींनी गाळा तोंडी शब्दावर दिला. "पोरगा सरळ आहे, तोंडाला वास नाही, चालवेल तोवर चालवू दे," एवढाच काय तो करार.

ट्रकवाल्यांना हिंदी गाणी लागत, गावच्या मंडळींना भजनं आणि गवळणी, एप्रिल आला की भीमगीतं. भूषणचं पोट त्यावर चाले. पण खोडदला मोठाल्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहत होती, तिथला एक दक्षिणी इंजिनिअर एकदा चार इंग्रजी कॅसेटींच्या नकला करून घ्यायला आला, आणि त्या चार कॅसेटींनी भूषणचं डोकं फिरवलं. तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की गाळ्यातून तो आवाज सुरू व्हायचा. पत्र्याच्या शेडवरून कुणी साखळदंड ओढत न्यावा तसा. त्यात एक माणूस गुराला सुरी लागल्यागत किंचाळायचा.  कांदा-लसूण ज्या घराचा उंबरा ओलांडत नाही, सूर्य मावळल्यावर ज्या घरात पाण्याचा घोटही कुणी घेत नाही, त्या घराच्या फरशीखालून हे वर झिरपायचं.

खरं सांगायचं तर उगमबाईंना भूषणचीही थोडी किळसच होती. त्याला चहा द्यायचा कप जिन्याखालच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. तो कुणी ठेवला, केव्हापासून, हे त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे त्यांनीच ठेवला होता.

रोज दुपारी तीनला उगमबाई सामायिक करत. आसन घालायचं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायची, पाठ म्हणून व्रत घ्यायचं आणि वाळूची घडी उलटी करायची. वरची वाळू खाली येईपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, समभावात बसायचं. संसाराचं बोलायचं नाही, उठायचं नाही, कुणावर राग नाही, कशाचा लोभ नाही. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासूनं हे व्रत दिलं, तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

पोस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली आल्या. "भूषण, तीन वाजता मी बसते. तेवढा वेळ हे बंद ठेवशील?"

"किती वेळ, काकी?"

"अठ्ठेचाळीस मिनिटं."

भूषणनं डोकं खाजवलं. "माझी कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. स्पीकर बंद करून कानाला हेडफोन लावतो आन् एक बाजू भरतो. वरची तीन मिनिटं तुमच्या देवाला."

त्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला खालचा आवाज बंद होई. नऊ वर्षांत एकदाही चूक नाही. बहिरूसुद्धा त्या वेळात अंडं फोडायचं ते हळूच, असं भूषण सांगे. ते काही खरं नसावं.

मधल्या वर्षांतली एक दुपार उगमबाईंच्या मनात राहिली होती. त्या भाजी घेऊन येत होत्या आणि भूषण काउंटरवर वाकून कॅसेटच्या कागदांवर बारीक अक्षरात मराठीत काही लिहीत होता. आजूबाजूला दहा रिकाम्या डब्या मांडलेल्या.

"काय लिहितोस एवढं?"

"इतिहास, काकी. हेवी मेटलचा. सुरुवातीपासून. एका कॅसेटीत एकेक टप्पा."

"त्या आरडाओरड्याला इतिहास आहे?"

"मंग! ही पयली बघा. एकोणीसशे सत्तर, फेब्रुवारीची तेरा तारीख, शुक्रवार. ब्लॅक सॅबथची पयली तबकडी निघाली. हितनं सुरुवात. मंग ज्यूडास प्रीस्टनं दोन गिटारी भांडायला लावल्या आन् अंगात चामड्याचे कपडे घातले..."

"चामड्याचे?" उगमबाई एक पाऊल मागे सरल्या.

"ते सोडा. ऐंशीला इंग्लंडात नवी लाट आली, आयर्न मेडन ती. मंग अमेरिकेतल्या पोरांनी येग वाढवला. मेटालिका. शहाऐंशीला त्यांची गाडी टिपेला ग्येली, आन् त्याच साली त्यांचा एक वादक बस उलटून ग्येला. रात्रीच्या परवासात. झोपेतच."

फाट्यावर राहणाऱ्या माणसाला बस उलटणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उगमबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग जे कैक दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

"पण इतके ओरडतात कशाला रे? त्यांना दुखतं तरी कुठं?"

असं कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. भूषणनं पेन खाली ठेवलं. "त्या पयल्या बँडचा गिटारवाला पत्र्याच्या कारखान्यात कामाला व्हता. सतरा वर्षांचं पोरगं. नोकरीचा शेवटचा दिवस, आन् मशिनीत दोन बोटांची टोकं ग्येली. लोक म्हनले, संपलं. त्यानं पलॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं क्येली. तरी तारा दाबल्या की दुखायचं. मंग पुढं तारा ढिल्या क्येल्या. ढिल्या तारांचा आवाज खाली उतरला, जड झाला. आज जगात जे हेवी मेटल वाजतंय ना, काकी, ते त्या दुखऱ्या बोटांचं हाय."

"मग तसं साधं सांगावं. एवढं घाण तोंड करून कशाला?"

"साधं सांगून ऐकलं कुनी?" भूषण हसला.

तिथंच उभा असलेला सोमाजी मध्ये बोलला. हा पिंपरी पेंढारचा, शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा, हात कोपरापर्यंत काळे. "मला तर लई आवडतं, शेठाणी. इंजिनाचा टायमिंग नीट बसला की आस्साच आवाज निघतो. भूषण, माजा सगळा इतिहास भर बरं का. सावकाश भर, पर सगळा भर."

भूषण पुढची डबी उचलून पुढचं सांगू लागला, तोवर उगमबाई वर निघून आल्या. आवाज त्यांना पुढेही किळसवाणाच वाटत राहिला. फक्त कधी कधी फरशीखालून ती जड घरघर आली की त्यांना दोन बोटं दिसायची.

नव्व्याण्णवला शेठजी गेले. किराणा दुकान मुलाच्या, हितेशच्या हाती आलं. दोन हजार तीन उजाडेपर्यंत फाट्यावर प्रत्येकाच्या कमरेला मोबाईल लटकू लागला होता, आणि हितेशला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. काचेचं, वातानुकूलित, नेमकं रस्त्याच्या तोंडावर. म्हणजे भूषणच्या गाळ्यात.

सरळ सांगता आलं असतं. पण वडिलांचा शब्द मोडला असं समाजात बोललं जाईल, म्हणून हितेशनं आईला पुढं केलं. जैन स्थानकात बायकांच्या घोळक्यात उगमबाई अधूनमधून म्हणत, "खाली ते राक्षसाचं गाणं चालतं बाई, शिसारी येते." हेच त्यांचं वाक्य आता फाट्यावर फिरून, वजन घेऊन परत आलं. उगमबाईंची साधना भंग होते. धर्मकार्यात विघ्न. त्या लोकांना काय त्याचं. हे 'त्या लोकांना' जो तो आवाज खाली घेऊन म्हणायचा, आणि ऐकणारा समजल्यासारखी मान हलवायचा.

उगमबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "हितेश, तो तीनला बंद करतो रे. नऊ वर्षं करतोय. माझी सामायिक त्यानं कधी मोडली नाही."

"आई, तूच म्हणतेस ना किळस येते म्हणून?"

"येते. गाण्याची येते. म्हणून त्याला उठवायचं असं मी कधी म्हटलं?"

सून चेतना पोळी वाढून आत गेली. हितेश गोड हसला. त्याचं हसणं अगदी वडिलांसारखं होतं, हेच वाईट. "बरं बाई. तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही. झालं समाधान?"

झालं. आईचं समाधान व्हायला वेळ किती लागतो?

पर्युषणाचा दुसरा दिवस होता. उगमबाईंचा उपवास, उकळून गार केलेल्या पाण्यावर. तीनला खालचा आवाज बंद झाला. त्यांनी व्रत घेतलं, घडी उलटी केली. वाळू अर्ध्याच्या आसपास आली असेल, तेव्हा हितेश वर आला. दाराबाहेर चपला काढल्या, हात जोडले, आणि दोन हात अंतरावर मांडी घालून बसला.

"आई, खालचा गाळा आज मोकळा करून घेतोय. माणसं आलीत. तुला विचारल्याशिवाय करणार नाही म्हणालो होतो, म्हणून विचारायला आलो. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग."

तो थांबला. एखादं माणूस फोनवर पलीकडच्याचं 'हं' ऐकायला थांबतं, तेवढाच.

"नाही ना? बरं."

त्यानं वाकून नमस्कार केला, पण पायांना हात लावला नाही. सामायिकात बसलेल्या बाईला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, एवढा धर्म त्याला नेमका ठाऊक होता.

उगमबाईंच्या तोंडावर मुहपत्ती होती. तिच्या आत त्यांचे ओठ हलले, पण हलले ते माळेच्या जपात. सामायिक मोडता येते. आग लागली, कुणाचा जीव जात असला, तर उठावं. नंतर प्रायश्चित्त घेता येतं. हे त्यांनीच कितीतरी सुनांना समजावून सांगितलं होतं. पण इथे आग कुठे होती? एकतीस वर्षांत एकही खंड नाही, म्हणून मागच्या चातुर्मासात स्थानकात त्यांचा सत्कार झाला होता. 'खाली काही झालं तरी समभाव,' असं त्या मनाला बजावत राहिल्या. आणि त्या समभावाच्या बुडाशी, चिखलात पाय रुतावा तशी, ती सत्काराची शाल त्यांच्या हाताला लागली. नारळ, शाल आणि टाळ्या. स्वतःची इतकी घाण त्यांना कधी वाटली नव्हती. तरीही त्या उठल्या नाहीत.

खालून खोकी ओढल्याचा आवाज आला. मग भूषणचा. "काकींना इचारलं का?"

"विचारलं," हितेश मोठ्यानं म्हणाला. चार लोकांना ऐकू जाईल असं. "आत्ताच विचारून आलो. ती काहीच बोलली नाही."

आता भूषण ओरडेल, असं उगमबाईंना वाटलं. त्याच्या भिंतीवरच्या पोस्टरांतल्या माणसांसारखा, आतडी पिळवटून. तो ओरडला की मी उठेन. त्या वाट बघत राहिल्या. खालून कुणीही ओरडलं नाही. फक्त खोकी सरकत राहिली, आणि लाकडी फळ्यांचे खिळे उपटल्याचे बारीक करकरते आवाज.

वाळू संपली. व्रत सोडायचा पाठ त्यांनी पूर्ण म्हटला, एक अक्षर न गाळता. तो म्हणतानाही त्यांना स्वतःचा तिटकारा येत होता. मग भिंत धरत त्या खाली आल्या.

तीनचाकी टेम्पोत दोन डेक, स्पीकर, कॅसेटींची खोकी चढली होती. पोपटराव वर बसून दोर आवळत होते. म्हाताऱ्यानं उगमबाईंकडे पाहिलंच नाही. बहिरू गाडी सोडून मध्येच उभा होता. "आरं, वरडायचं तरी व्हतंस, भूषण! मुका झाला व्हतास का? धा जण आडवे झालो असतो आमी!"

भूषणनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "झाली का काकी तुमची?"

उगमबाईंनी टेम्पोच्या फळीला हात घातला. "सामान उतरव, भूषण. मी सांगते हितेशला."

"न्हाई. आता नको."

"अरे, मी सामायिकात होते!"

"मला ठाव नव्हतं व्हय? मला बी ठाव व्हतं, त्याला बी ठाव व्हतं. म्हणून तर ही येळ." त्यानं आवाज चढवला नाही. "तुमी बसल्या व्हता म्हणून मी बी गप ऱ्हायलो. पर काकी, माझं दुकान ग्येलं. तुमची सामायिक ऱ्हायली."

हितेश काचवाल्याला मापं सांगत होता. तो वळून म्हणाला, "आई, ऊन लागेल, उपवास आहे तुझा. वर जा बघू." इतकं मायेनं म्हणाला की उगमबाईंना ओकारी आली. खरीखुरी. जिन्याच्या कठड्याला धरून त्या वाकल्या आणि पोटातलं होतं तेवढं कडू पाणी बाहेर पडलं. चेतना धावत आली. लोक म्हणाले, बाईंना उपवास झेपला नाही.

टेम्पो सुरू झाल्यावर भूषण पुन्हा उतरला आणि एक कापडी पिशवी त्यांच्यापुढे धरली. "गिऱ्हाइकांच्या कॅसेटी हायती. नावं लिवलीत. लांबून येत्यात माणसं, हेलपाटा नको त्यांना. बहिरूची जागा तेलकट हाय, खराब व्हतील. द्याल का?"

पिशवीच्या तोंडातून एक कागद डोकावत होता, त्यावर कसलंसं सडकं तोंड. उगमबाईंनी पिशवी घेतली. दोन्ही हातांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या खालच्या पायरीवर येऊन बसल्या. आत सुतार भिंती खरवडत होता, पोस्टरांचे तुकडे त्यांच्या पायाशी येऊन पडत. पिंपळवंडीच्या कोंडाबाई आल्या, त्यांना त्यांची भीमगीतं मिळाली. एक ट्रकवाला आला. नारायणगावचं एक जोडपं आलं. उगमबाई नाव विचारून, कागदावर बोट फिरवून, कॅसेट काढून देत होत्या.

"आई, तीन वाजतायत," चेतना हळूच येऊन म्हणाली. "आसन घातलंय."

"संध्याकाळी बसेन."

चेतनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग हितेश आला. "आई, काय हे? लोक बघतात. मांडीवर ती भुतं घेऊन बसलीयस. सुताराला मी थांबवलंय तुझ्यासाठी, आवाज नको म्हणून."

"चालू दे त्याचं. तुझ्या त्या शांततेची शिसारी येते मला," उगमबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. हितेश गाळ्यात परत गेला.

साडेतीनच्या सुमारास सायकल टेकवून सोमाजी आला. गाळ्याकडे, सुताराकडे, मग पायरीवरच्या बाईंकडे पाहत त्यानं काळे हात पँटला पुसले. "भूषण कुठंय, शेठाणी?"

"गेला. आम्ही घालवला," त्या म्हणाल्या. "तुझं नाव सोमाजी ना? बस जरा."

पिशवीत शेवटच्या कॅसेटी उरल्या होत्या, सुतळीनं एकत्र बांधलेल्या. सुतळीखालची चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचली. भूषणचंच अक्षर होतं, घाईतलं.

"शेवटची पुरी व्हायची व्हती आज," सोमाजी म्हणाला. "किती भरलीय?"

"शहाऐंशीपर्यंत," उगमबाईंनी वाचून सांगितलं. "एकाच बाजूची वीस मिनिटं. तिथं बटण बंद झालंय. पुढची फीत कोरी आहे."

सोमाजीनं कॅसेटी घेतल्या, पण तो निघाला नाही. "आन् पुढचं?"

उगमबाईंनी रिकामी पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली. आत सुतारानं पुन्हा खरवडायला सुरुवात केली होती.

"पुढचं मला ठाऊक नाही रे," त्या म्हणाल्या. "तो सांगत होता, तेव्हा मी वर निघून गेले."